दुसऱ्याच्या हातातला खेळ

'गेम बघतोय' हे वाक्य आमच्या आशागडात आता कुणालाच चमत्कारिक वाटत नाही. पंधरा वर्षांपूर्वी वाटलं असतं. गेम ही खेळायची गोष्ट; बघायचा तो पिक्चर, नाहीतर मॅच. पण आज डहाणू रोड स्टेशनच्या बाकावर, जव्हारच्या रस्त्याला एसटीची वाट बघताना, चिकूच्या वाडीत जेवणाच्या सुट्टीत मोबाइल आडवा धरून बसलेल्या पोरांकडे नीट बघा. दोन्ही अंगठे स्क्रीनवर असतील तर तो खेळतोय. एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वडापाव असेल तर तो बघतोय. माझा अंदाज विचाराल तर वडापाववाले जास्त आहेत.

या वडापाववाल्यांना दोन्हीकडून बोलणी बसतात. घरचे म्हणतात, दुसरा खेळतो आणि तू बघतोस, त्यातून तुला काय मिळतं? (आयपीएल बघताना हा प्रश्न ते स्वतःला विचारत नाहीत, ते सोडा.) आणि जे स्वतःला खरे गेमर समजतात, त्यांच्या लेखी बघणारा म्हणजे कच्चा लिंबू. मला या दोघांच्याही बोलण्यात एकच गोष्ट खटकते. खेळायचं की बघायचं हे माणूस आवडीनं ठरवतो, असं दोघंही धरून चालतात. आमच्याकडे ते बहुतेक वेळा मोबाइलची रॅम ठरवते. आणि रॅम पुरली तर नेटवर्क.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच खरी गोम आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, गेम बनवत नाही, पण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी एक फुटकळ सापाचा गेम लिहिला होता. कुठलाही गेम आतून एक न थांबणारं चक्र असतो. आधी बघायचं, खेळणाऱ्यानं कुठलं बटण दाबलंय. मग त्याप्रमाणे आतलं जग बदलायचं. मग ते बदललेलं जग स्क्रीनवर काढायचं. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये हे सगळं साधारण १६ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. व्हिडिओ बघणाऱ्यापर्यंत यातली फक्त तिसरी पायरी पोचते. पहिल्या दोन दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीत घडून गेलेल्या असतात.

आता नेटवर्क. यूट्यूबचा व्हिडिओ पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. पाच सेकंद रेंज गेली तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. 'लाइव्ह' म्हणवणारा स्ट्रीमसुद्धा खरं तर काही सेकंद मागे चालत असतो. ऑनलाइन गेमला ही चैन परवडत नाही. त्याला पुढची पाच सेकंदं आधी उतरवून ठेवता येत नाहीत, कारण ती अजून घडलेलीच नाहीत. तुमच्या आणि समोरच्या नव्व्याण्णव जणांच्या अंगठ्यांनी ती घडायची आहेत. त्यामुळे पावसाळ्यात टॉवर रुसला की खेळणारा मरतो आणि बघणारा बघत राहतो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि गावोगाव इंटरनेट पोचलं, असं आपण म्हणतो. पोचलं, पण बघण्यापुरतं आधी पोचलं. खेळण्यापुरतं मागाहून, आणि आमच्याकडच्या काही पाड्यांवर अजूनही नाही.

बघणं माझ्या पिढीला नवीन होतं असंही नाही. आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही गेम होता. करड्या रंगाची पेटी, पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेले लाखभर गेम आणि आत खरे दहा-बारा. दोन रिमोट आणि आठ पोरं, म्हणजे सहा जण कायम बघे. पण ते बघणं हिशेबी होतं. मारिओ खड्ड्यात पडला की रिमोट पुढच्याकडे जायचा, म्हणून खेळणाऱ्याच्या मरणावर आमची नजर असायची. 'कॉन्ट्रा'मधला पूल पायाखाली फुटत जातो हे मला दुसऱ्याला तिथे मरताना बघून कळलं. बघणं म्हणजे नंबर लावणं होतं.

तारपा नाचाचंही तसंच आहे. कडेला उभी राहून बघणारी बाई कडेवरचं पोर दुसरीकडे देते आणि साखळीच्या शेपटाला जाऊन लागते. दमली की बाहेर. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतला हा नाच गोगलगायीच्या शंखासारखा फिरत जातो आणि त्याचं बाहेरचं टोक मोकळं असतं. स्ट्रीमला असं टोक नाही. तिथे कितीही वर्षं बसा, तुमचा नंबर येत नाही. बघण्यातला खरा बदल मला हा वाटतो. स्क्रीनचा आकार वगैरे किरकोळ.

पण नंबर येणार नसूनही लोक बसून राहतात, तेव्हा ते नक्की काय बघत असतात? पबजीचंच घ्या. पबजी मोबाइल २०१८मध्ये आला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं त्याच्यासकट ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. २ जुलै २०२१ला तो बीजीएमआय नावानं परतला, २८ जुलै २०२२ला पुन्हा अ‍ॅप स्टोअरमधून गायब झाला, २०२३च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. हा लपंडाव चालू असताना खेळणाऱ्यांचे हाल झाले. बघणाऱ्यांचं फारसं बिघडलं नाही. त्यांचे स्ट्रीमर दुसरा गेम उघडून बसले आणि तेवढीच गर्दी तिकडे सरकली. म्हणजे बघणाऱ्याची सोयरीक गेमशी कमी आणि माणसाशी जास्त होती.

आणि माणूस मध्ये आला की गेमचा स्वभावच बदलतो. पबजीत शंभर जण एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना संपवत जातात. अर्ध्या तासाच्या मॅचमधला प्रत्यक्ष गोळीबार वेगळा काढला तर काही मिनिटं भरेल. बाकी वेळ रिकाम्या घरांतून बंदुका शोधणं, गवतात पडून राहणं, आकसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत पळणं. खेळताना हा रिकामा वेळच गेमचा जीव असतो. एखाद्या घराचं दार आधीच उघडं दिसलं की पोटात गोळा येतो. हेडफोनमध्ये पावलं वाजली की आपण खरोखरचा श्वास रोखतो. पबजी हा आधी भीतीचा गेम आहे, नेमबाजीचा नंतर.

तोच रिकामा वेळ 'मॉर्टल' म्हणजे नमन माथुर किंवा 'डायनॅमो' म्हणजे आदित्य सावंत यांच्या स्ट्रीमवर गप्पांचा होतो. कुणाच्या नावाचा उल्लेख, कुणाची टर, मध्येच जेवलास का वगैरे. डायनॅमोचं 'पट से हेडशॉट' मी आमच्या मैदानावर टेनिस क्रिकेटमध्ये दांडी उडाल्यावरही ऐकलंय, आणि ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांनी पबजी कधी उघडलेला नाही. भीतीचा गेम कट्ट्याचा गेम होतो. मला यात वाईट काही दिसत नाही. रात्री कंपनीतून थकून आलेल्या पोराला भीती नको असते, कट्टा हवा असतो. चांगला स्ट्रीमर त्यापुढेही एक गोष्ट करतो. आपण आत्ता या घरात का शिरत नाही आहोत, हे तो शिरायच्या आधी सांगतो. बघणाऱ्याला न दिसणारी ती पहिली पायरी, अंगठ्याचा निर्णय, तो बोलून दाखवतो. जे नुसते किंचाळतात त्यांचे व्हिडिओ मला दहा मिनिटांवर बघवत नाहीत, मग त्यांना कितीही लाख लोक बघोत.

काही गेम तर बघण्यातच जास्त चांगले असतात, असं माझं मत आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याच पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' २०२०मध्ये आला. २०१७मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी नेटानं पुरा केला. राखीच्या दिवशी राक्षस गोलूला पळवतात आणि त्याची कसरतपटू बहीण राजी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याच्या मागावर निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, एकमेकांशी बोलत. महाल, झरोके, भिंतींवरची पुराणातली चित्रं, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांमधून. मी तो आधी यूट्यूबवर पूर्ण बघितला आणि पुढे लॅपटॉप घेतल्यावर विकत घेऊन खेळलो.

बघताना राजी खांबाला गरका मारून राक्षसावर झेपावते तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं. खेळताना तीच झेप दहाव्यांदा मारायची असते, कॅमेरा आपल्या हातात नसतो, आणि राक्षसांच्या टोळ्या त्याच त्या येत राहतात. बघताना भिंतीवरच्या चित्रापाशी रेंगाळता येतं. व्हिडिओ थांबवला की झालं. खेळताना त्रिशूळ सावरण्यातच लक्ष. शेवट तर दोन्हीकडे अर्धवट तुटल्यासारखा आहे, पण बघणाऱ्यानं त्यासाठी बोटं दुखवून घेतलेली नसतात, म्हणून त्याला कमी लागतो. आपल्या मातीतल्या गेमला नावं ठेवली म्हणून कुणी रागावेल. रागावण्याआधी खेळून बघा. किंवा नुसता बघा.

याच्या अगदी उलट टोकाला 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' आहे, २०१३चा, योसेफ फारेस यांनी दिग्दर्शित केलेला. (पुढच्या काही ओळींत शेवट फुटणार आहे.) दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरच्या डाव्या बाजूनं मोठा भाऊ चालतो, उजव्या बाजूनं धाकटा. आई बुडून गेल्यामुळे धाकटा पाण्याला घाबरतो, मोठ्याच्या पाठीला धरून पोहतो. मोठा भाऊ मरतो. परतीच्या वाटेवर धाकट्यापुढे पाणी येतं आणि उजव्या बाजूची बटणं दाबून काहीच होत नाही. इतका वेळ निकामी झालेला डावा हात तुम्ही आपोआप वापरून बघता. मोठ्याचं बटण दाबल्यावर धाकटा पोहायला लागतो.

व्हिडिओत काय दिसतं? एक मुलगा काठावर जरा घुटमळतो आणि मग पोहत जातो. बस. ही गोष्ट चित्रात नाहीच, डाव्या हाताच्या बोटात आहे. व्हिडिओची गुणवत्ता कितीही वाढवा, ती तिथे येणार नाही.

आणि एक गेम असाही आहे ज्यावर बघणाऱ्यांचा भार पडला. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' जानेवारी २०१६मध्ये आला. रायन ग्रीन आणि त्यांच्या पत्नी एमी यांनी आपल्या कॅन्सरनं गेलेल्या लहान मुलावर, जोएलवर, तो केला. दोनेक तासांत संपतो आणि त्यात निवडीला जागा अगदी थोडी आहे. मूल वाचवायचं कुठलंही बटण नाही. लोकांनी तो अख्खा खेळून व्हिडिओ टाकले, लाखोंनी ते बघून डोळे पुसले आणि थोड्यांनीच विकत घेतला. गेमच्या विक्रीतून आमच्या हाती अजून काही आलेलं नाही, असं ग्रीन यांनी त्याच वर्षी जाहीर लिहिलं. बघणाऱ्यांना गेम कळला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. कळला, भिडला, म्हणूनच विकत घ्यायचं राहून गेलं. आशागडात बसून डॉलरमधला गेम फुकट बघणाऱ्याला मी यात दोषी धरणार नाही, पण ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यानं फुकट बघून झाल्यावर निदान एकदा विकत घ्यायला काय हरकत आहे?

मराठीत गेमवर लिहिणारे अजून मोजके आहेत. पुढे जे लिहितील त्यांतले बरेच तलासरी, मोखाडा, गडचिरोली अशा ठिकाणचे असतील आणि त्यांनी बरेचसे गेम फक्त बघितलेले असतील. त्यांनी लिहू नये का? नाटकाची संहिता वाचून आपण नाटकावर बोलतोच की. फक्त प्रयोग बघितला नाही एवढं सांगतो. तसंच 'मी हा गेम बघितलाय' हे पहिल्या परिच्छेदात सांगावं आणि पुढे बिनधास्त लिहावं. 'राजी'बद्दल अशा माणसाचं मत मी खेळणाऱ्याच्या आधी वाचेन. 'ब्रदर्स'बद्दल नाही वाचणार.

माझा मावसभाऊ बारावीला आहे. त्याच्या मोबाइलवर जीटीए फाइव्ह चालणं शक्यच नाही, पण चारेक वर्षं तो दुसऱ्यांचे व्हिडिओ बघतोय आणि लॉस सँतोसचे रस्ते त्याला डहाणूच्या रस्त्यांइतके पाठ आहेत. दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन घरी गेलो होतो. गेम माझ्याकडे होता, पण मी रस्ते चुकत होतो आणि तो शेजारी बसून सांगत होता, "दादा, पुढून उजवीकडे घे, तिथे बोगदा लागेल." मग एका वळणावर त्यानं विचारलं, "इथून डावीकडे गेलं तर काय आहे? तिकडे कुणी जातच नाही."

मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. ज्यांचे व्हिडिओ तो बघतो ते माणसं उडवत, गाड्या ठोकत सुटतात. हा डावीकडे वळला आणि सावकाश निघाला. रस्ता एका पत्र्याच्या शेडपाशी जाऊन संपला. तो गाडीतून उतरला, शेडला एक फेरी मारली, मागची भिंत बघितली, परत गाडीत बसला. येताना सिग्नल लाल होता तर थांबला. मावशीनं जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा तो पुढच्या सिग्नलला उभा होता.