'जैत रे जैत'मधून राणीमाशी काढून बघा

कादंबरीवर लिहायला सांगितलं की आपली बरीच उत्तरं यादी होऊन बसतात: प्रतीक आहे, मानवीकरण आहे, बोलीभाषा आहे. पण यादी म्हणजे नुसती नोंद, विश्लेषण नव्हे. प्रयोगशाळेत आपण एक घटक काढतो आणि काय बिघडतं ते पाहतो. तेच इथे करू. कादंबरी गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत'. जब्बार पटेलांचा १९७७चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तो हिच्यावरच.

कथा कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. राणीमाशी पुण्यवंतालाच दिसते, म्हणून ढोल वाजवणारा नाग्या तिचा ध्यास घेतो. पण माशीच्या डंखाने त्याचा डोळा जातो आणि भक्तीचं वैर होतं. लिंगोबाच्या डोंगरावरची मोहोळं उतरवायचीच, हा त्याचा पण. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याला साथ देते. मोहोळं उतरतात, पण चिंधी माश्यांच्या डंखांनी मरते.

आता राणीमाशी काढा. आग्या मोहोळाचं रक्षण कामकरी माश्या करतात. राणीचं काम अंडी घालणं. म्हणजे शास्त्राने पाहिलं तर नाग्याचा राग भलत्याच माशीवर आहे. ही लेखकाची चूक म्हणून लिहिलंत, तर मुद्दा हातचा जाईल. हजारो कामकरी माश्यांशी वैर कसं धरणार? वैराला एक तोंड लागतं. राणी काढली की उरतो फक्त अपघात, आणि अपघाताने माणूस असा पेटत नाही.

डोंगराचं देवपण काढा. मग मोहोळं उतरवणं म्हणजे फक्त मध काढणं. देवाच्या अंगावरची मोहोळं असली, की तोच देवाला विचारलेला जाब होतो. निसर्ग इथे पडद्यावरचं चित्र नाही, तो खटल्यातला दुसरा पक्ष आहे.

शेवटी चिंधी काढा. नाग्या जिंकतोच, पण 'जैत' म्हणजे विजय, हे शीर्षक मग सरळ अर्थाचं होतं. तिच्या मरणाने ते बोचायला लागतं. माझा आक्षेप इथेच आहे. स्वतःचा माणूस स्वतः निवडणारी ही बाई कादंबरीतली सगळ्यात मोकळी व्यक्ती. पण शेवटी तिचा जीव नाग्याच्या विजयाची किंमत म्हणून खर्ची पडतो. बदल त्याचा, मरण तिचं. युक्ती चोख बसते, माणूस मात्र हातून सुटतो.

ठाकर आमच्या वावरकडे, जव्हार-मोखाड्यातही आहेत. तिथून येणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: ही श्रद्धा, ही बोली बाहेरून आलेल्या लेखकाच्या कानाने ऐकलेली आहे, पाड्यावरच्या बाईने चिंधीची गोष्ट कशी सांगितली असती? सिनॉप्सिसमध्ये 'निसर्गप्रतिमांचा अभ्यास' असं मोघम लिहिण्यापेक्षा हा प्रश्न घ्या. त्यासाठी पुस्तकाबरोबर माणसांकडेही जावं लागेल.