शिक्क्याची बाजू

पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्या मंडळींत कोऱ्या तिकिटाचा मान मोठा. वापरलेले असलेच, तर त्यावरील शिक्का जितका पुसट तितके ते चांगले. राणीच्या मुखाला काळे फासलेले कोणाला रुचेल? मला मात्र ही अभिरुची अपुरी वाटते. तिकीट हे काही नुसते चित्र नव्हे.

शिक्क्याचा जन्म संशयातून झाला. वापरलेले तिकीट कोणी पुन्हा चिकटवू नये, एवढाच त्याचा हेतू. इंग्लंडात १८४० साली काळे पेनी तिकीट निघाले, तेव्हा त्यावर तांबडा शिक्का मारीत. तो पुसता येतो असे दिसताच १८४१ मध्ये तिकीट तांबडे केले आणि शाई काळी. सरकारच्या या अविश्वासाने इतिहासाची मात्र मोठीच सोय केली.

१८५४ साली हिंदुस्थानभर चालणारी तिकिटे निघाली. अर्ध्या आण्याचे निळे, एक आण्याचे तांबडे. मुख सर्वांवर व्हिक्टोरिया राणीचेच. पत्र पेशावरचे की रत्नागिरीचे, हे त्या मुखाला ठाऊक नाही. ते सांगतो शिक्का. शंकरपाळ्याच्या आकारात रेघा आणि मध्ये १२४ हा आकडा असला, की समजावे, तिकीट एडनला वापरलेले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होते. अष्टकोनात ‘बी १७२’ दिसले, तर ते सिंगापूरचे. १८६७ पर्यंत त्याचा कारभारही हिंदुस्थान सरकारकडेच होता. साम्राज्याचा हा पसारा राणीच्या चित्राने नव्हे, तर कचेरीतल्या कोणा अनामिक शिक्केवाल्याने नोंदवून ठेवला.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने गेली. त्यांवरील तिकिटे रोजचीच. ती आकाशातून गेली, याची साक्ष देतो तो त्या दिवसाचा खास शिक्का!

म्हणून माझी खरी तक्रार आहे ती कात्रीविषयी. त्या जुन्या आकड्यांच्या शिक्क्यांत तारीख नसे; तारखेचा शिक्का लखोट्यावर वेगळा मारीत. तिकीट कापून किंवा पाण्यात सोडवून घेतले, की राणी हाती येते आणि पत्राची हकीकत केरात जाते. दिवाळीच्या साफसफाईत आजोबा-पणजोबांची पेटी उघडली जाईल, तेव्हा मुलांच्या हाती कात्री देऊ नका. अख्खा लखोटाच द्या, आणि शिक्का वाचायला शिकवा.