गळ्यात पट्टा, हातात वेळापत्रक

पुणेकराचं वर्ष चैत्रात सुरू होतं हे झालं पंचांगवाल्यांचं मत. आमच्या ओळखीचे बरेच पुणेकर गणपती ते सवाई गंधर्व आणि सवाई ते पिफ असं वर्ष मोजतात. सवाईची सतरंजी माळ्यावर जाते न जाते तोच ‘यंदा पिफ कधीपासून हो?’ ही विचारणा सुरू होते. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हे भारदस्त नाव फक्त छापण्यासाठी, बोलताना पिफ. डॉ. जब्बार पटेल आणि मंडळींनी २००२ साली हा महोत्सव सुरू केला आणि जानेवारीला तिळगुळाखेरीज आणखी एक निमित्त मिळालं.

माझं प्रामाणिक मत असं की, महोत्सवातली सर्वांत रंगतदार कलाकृती म्हणजे त्याचं वेळापत्रक. ते हाती पडलं की घरात दहावीच्या परीक्षेची कळा येते. लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, आणि एकाच वेळी लागलेल्या दोन चित्रपटांपुढे प्रश्नचिन्हं. वेळापत्रक वाचणाऱ्यांच्या तीन जाती आहेत. पहिला दिग्दर्शकाचं नाव बघतो आणि ते नीट उच्चारताही येतं असं दाखवतो. दुसरा देश बघतो. ‘इराणी आहे ना? मग डोळे मिटून जायचं!’ (आणि आत गेल्यावर तो खरंच डोळे मिटतो.) तिसरा फक्त लांबी बघतो. नव्वद मिनिटांचा असेल तर मधे वडापाव बसतो. तिघांत सुखी हाच.

त्यातून त्या तीन ओळींच्या कथासारांची गोडी काय सांगावी! ‘दुर्गम डोंगरातला एक म्हातारा हरवलेली शेळी शोधायला निघतो आणि त्याला स्वतःचा शोध लागतो.’ एवढ्यावर आम्ही थंडीत सकाळी आठला रांगेत उभे राहतो. आमचीच शेळी हरवली असती तर इतक्या लवकर उठलो नसतो.

इथवर सगळं लोभसच आहे. तक्रार पुढे आहे. याच वेळापत्रकात मराठी चित्रपटांचीही स्पर्धा असते. तिथे आली की पेन्सिल थबकते. ‘हा काय, आपलाच आहे. नंतर थेटरात बघू.’ या ‘नंतर’ने जितके मराठी चित्रपट मारले, तितके समीक्षकांनीही मारले नसतील. कारण हे ‘नंतर’ येतं ते एखाद्या शुक्रवारी, दुपारी सव्वाबाराच्या एकुलत्या एका खेळाला, गावाबाहेरच्या थेटरात. सोमवारी चौकशी करावी तर चित्रपट उतरलेला. स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय, तर जो सावकारी निर्मात्यापासून स्वतंत्र, नटनट्यांपासून स्वतंत्र, गाण्यांपासून स्वतंत्र, आणि प्रदर्शनाच्या दिवशी प्रेक्षकांपासूनही स्वतंत्र!

बाहेरून शिक्का आला की मात्र आम्ही धावतो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ साली सनडान्समध्ये परदेशी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, की आमची मान ताठ. ‘आपला मुलगा हो!’ हा आपला मुलगा पैसे जमवत फिरत होता तेव्हा आपण कुठे होतो, हे कोणी विचारू नये.

पूर्वी क्रम उलटा होता. पुण्याच्याच प्रभातमध्ये दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ केला तो १९३६ साली. मुंबईत तो वर्षाहून अधिक चालला. व्हेनिसने त्याची वाखाणणी केली १९३७ साली. म्हणजे आधी आपल्या माणसांनी पाहिला, रडले, पुन्हा पाहिला. जगाने नंतर मान डोलावली. आज पिफमधला मराठी चित्रपटाचा पुरस्कार त्याच संत तुकारामांच्या नावे दिला जातो. महाराजांची गाथा पाण्यातून वर आली, पण ती तरली कारण लोकांना ती तोंडपाठ होती, असंही म्हणतात. पडद्यावरची गाथा तोंडपाठ करायची सोय नाही. ती खुर्चीत बसूनच तारावी लागते.

तेव्हा यंदा वेळापत्रक आलं की एक करून बघा. लाल पेन्सिल आधी मराठी रकान्यावर फिरवा. खेळ संपल्यावर दाराशी एक तरुण उभा असतो. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, हसू ओढूनताणून आणलेलं. तो दिग्दर्शक. त्याला ‘छान होता हं’ म्हणून सटकू नका. आवडला नसेल तर का, तेही सांगा. पुणेकराला ते शिकवावं लागत नाही. आणि आवडला असेल तर त्या शुक्रवारी चार माणसं घेऊन सव्वाबाराच्या खेळाला जा, तिकीट काढून.

त्या डोंगरातल्या म्हाताऱ्याची काळजी करू नका. त्याची शेळी तुमच्यावाचूनही सापडते.