दोन हप्ते

मराठीत कर्जाचाही हप्ता आणि विम्याचाही हप्ता. मराठी न येताही अमेरिकेतल्या मोटार-विमा कंपन्यांनी या दोघांची गाठ मारलीय! बहुतेक राज्यांत कर्जफेडीचे गुण घसरले, की मोटारीचा विमा महागतो. कंपन्या म्हणतात, आकडेवारी जुळते. जुळत असेल हो. पण दवाखान्याचं बिल थकलं म्हणून ब्रेक थोडेच निकामी होतात? आणि एक तारखेला कर्जाचा हप्ता भरणारा लाल दिव्याला थांबतोच, असा काही आमचा बँकेतला अनुभव नाही. विमा जवळजवळ सगळीकडे सक्तीचा. म्हणजे फाटक्या खिशालाच मोठी पावती! कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ सालीच ठरवलं : आधी माणूस गाडी कशी चालवतो ते बघा, मग वर्षाकाठचे मैल, मग अनुभवाची वर्षं. कर्जाच्या गुणांना तिथे आजही मज्जाव आहे. गाडी रस्त्यावर चालते, खातेवहीत नव्हे, एवढं त्यांना कळलं!