आगोट नसलेलें जग

संगणकावरील खेळांविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें जातें त्यांत बहुधा दोनच सूर ऐकूं येतात. एक सूर चिंताक्रांत पालकांचा. मुलांचे डोळे, मुलांचा अभ्यास आणि मुलांची झोंप यांपलीकडे तो जात नाहीं. दुसरा व्यापाऱ्यांचा, किती प्रती खपल्या आणि कंपनी कितीला विकली गेली एवढें सांगून तो गप्प बसतो. खेळाची घडण कशी आहे, त्याचे नियम खेळणाऱ्याच्या मनावर काय परिणाम करितात, त्या नियमांत बळ कोठें व व्यंग कोठें, हा विचार करण्याचें काम फारसें कोणी अंगावर घेत नाहीं. नाटकाची परीक्षा करितांना तिकिटांची विक्री मोजून आपण थांबत नाहीं. तोच न्याय खेळासही लावावा असें आम्हांस वाटतें.

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ अशा परीक्षेस सर्वस्वीं योग्य आहे. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यानें तो २००९ सालच्या मे महिन्यांत प्रथम लोकांपुढें ठेविला. २०११ च्या नोव्हेंबरांत तो पूर्ण रूपांत आला, २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरांस विकत घेतली, आणि २०२३ सालीं त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचें जाहीर झालें. व्यापाऱ्यांचा सूर आम्हींही एकदां लावून घेतला. तो येथेंच संपला.

या खेळांतील जग मीटरभर लांबीरुंदीच्या घनाकार तुकड्यांचें बनलेलें आहे. माती, वाळू, दगड, लांकूड, सारेंच चौकोनी. ज्यांनीं तें पाहिलें नाहीं त्यांस हें चमत्कारिक वाटेल. बांद्याच्या माणसास तसें वाटण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे कातळांतून जांभ्याचे चिरे कापून काढतात आणि मागें पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी खड्डा राहतो. त्याच्या कांठावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे माइनक्राफ्टाचा देखावा निराळा दाखवावा लागत नाहीं. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं मलबारांतील या दगडाचें वर्णन छापलें आणि विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘लॅटराइट’ म्हटलें; म्हणजे त्यासही प्रथम दिसला तो दगड नव्हे, बांधकाम दिसलें. जांभा खाणींत मऊ असतो आणि बाहेरचा वारा लागला कीं टणक होतो. माइनक्राफ्टांत याच्या अगदीं उलट: अखंड दगड कुदळीनें फोडला कीं हातीं ओबडधोबड धोंडा येतो, आणि पूर्वीचा सरळ दगड हवा असल्यास तो भट्टींत भाजून घ्यावा लागतो.

‘तगून राहण्याच्या’ प्रकारांत खेळणारा या जगांत उतरतो तो रिकाम्या हातीं. सूत्रधार नाहीं, नांदी नाहीं, कोणी येऊन कार्य नेमून देत नाहीं. त्यानें मुठीनें झाड पाडावें, लांकडाच्या फळ्या कराव्या, फळ्यांचें मेज करावें, आणि मेजावरील नऊ घरांच्या पटांत वस्तु मांडून हत्यारें घडवावीं. हें त्यास समजेपर्यंत सूर्य कलूं लागतो. तेथील अहोरात्र वीस मिनिटांचें आहे: दहा मिनिटें उजेड, सात मिनिटें रात्र, आणि दोहोंच्या मध्यें दीड दीड मिनिटाची संधिप्रभा. अंधार पडला कीं चालतीं प्रेतें, धनुर्धारी सांगाडे आणि तो प्रसिद्ध ‘क्रीपर’ हिंडूं लागतात. हा क्रीपर बिनहातांचा, हिरवा, न बोलतां जवळ येतो आणि फुटतो. डुकराची आकृति करितांना लांबी व उंची यांचे आकडे उलट पडल्यामुळें तो जन्मास आला. नवखा खेळाडू पहिली रात्र बहुधा डोंगराच्या पोटांत कोरलेल्या बिळांत, तोंडाशीं मातीचा तुकडा लावून, बाहेरचे आवाज ऐकत काढतो.

ही पहिली रात्र म्हणजे खेळाच्या रचनेंतील उत्तम कल्पना आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. येथें भय बाहेरून आणून बसविलेलें नाहीं. दिवसाची दहा मिनिटें आपण कशीं घालविलीं त्याचा तो हिशेब आहे. ज्यानें फुलें पाहण्यांत वेळ दवडला त्याची रात्र लांब, ज्यानें कोळसा शोधला त्याच्याजवळ मशाल. दिवसरात्रींवर खेळ टांगण्याची कल्पना आपल्या प्रांतासही अपरिचित नाहीं. बांद्याहून जवळच सावंतवाडीस ज्या दशावतारी गंजिफा रंगवितात त्यांत दहा अवतारांचीं एकशेंवीस वाटोळीं पानें असतात, आणि डाव दिवसा चालला असेल तर रामापासून, रात्रीं चालला असेल तर कृष्णापासून त्यास आरंभ होतो. फरक इतकाच कीं, गंजिफा खऱ्या सूर्याकडे पाहून खेळतात. माइनक्राफ्टाचा सूर्य त्याच्याच पोटांत आहे.

येथवर स्तुति झाली. आतां व्यंगाकडे वळूं.

२०११ च्या सप्टेंबरापर्यंत या खेळांत भूक नव्हती; अन्न हें औषध होतें, खाल्लें कीं जखम भरे. त्यानंतर पडद्याच्या तळाशीं दहा तंगड्यांची एक ओळ आली. धांवलें, उडी मारली, झुंज घेतली कीं ती झिजते. ती रिकामी झाली कीं जीव उतरणीस लागतो. कल्पना रास्त आहे, परंतु अंमल फार सौम्य. मध्यम प्रतीच्या कठिणतेवर भुकेनें कोणी मरत नाहीं, अर्धें हृदय शिल्लक ठेवून ती थांबते. सोप्या प्रतीवर निम्मा जीव शाबूत राहतो. केवळ सर्वांत कठीण प्रतीवर उपासमारीनें मृत्यु येतो. आणि ज्यानें पाण्याच्या कडेला गव्हाचा लहानसा मळा केला त्याचा हा प्रश्न कायमचा मिटला. गव्हाच्या तीन पेंढ्यांचा एक पाव होतो. तो पेटींत ठेवावा आणि खेळांतील हजार दिवसांनीं काढावा, जशाचा तसा. त्यास बुरशी नाहीं, उंदीर नाहीं, टोके नाहींत.

कोंकणांतल्या माणसाच्या मनास हें पटत नाहीं. मृग लागण्यापूर्वीं येथील घरांत जी धांदल उडते तिला आम्ही आगोट म्हणतों. कौलें परतावयाचीं, सरपण आंत घ्यावयाचें, पडवीस पावसाच्या बाजूनें झापें बांधावयाचीं. तांदूळ, मीठ, आमसुलें, सुकी मासळी यांची भरती करावयाची. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवावयाच्या. यांतील एकेका वस्तूचा दिवस ठरलेला असतो, कारण त्या पलीकडे ती मिळणार नाहीं किंवा टिकणार नाहीं. आगोट ही नुसती खरेदी नव्हे. ती कालगणना आहे. माइनक्राफ्टास दिवस आहे, परंतु वर्ष नाहीं, आणि त्याच्या पुढील साऱ्या शिथिलतेचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

त्या जगांत पाऊस पडतो, नाहीं असें नव्हे. तो आग विझवितो, नांगरलेली जमीन ओली ठेवितो, कढईंत थोडथोडा सांचतो, आणि पावसांत गळास मासा जरा लवकर लागतो. मेघगर्जनेसह वादळ झालें तर दिवसाही राक्षस निघतात, इतकी मात्र त्याची धास्ती आहे. परंतु नदी बोटभरही वर चढत नाहीं. तेरेखोलीच्या कांठीं राहून २०१९ आणि २०२१ सालचे पूर ज्यांनीं पाहिले, बाजारपेठेंत पाणी शिरतांना माल माळ्यावर चढविला, त्यांस नदीला लागून घर बांधणाऱ्या माइनक्राफ्टी मुलाचें धाडस पाहून हंसावें कीं रडावें कळत नाहीं. तेथें पाण्याशेजारची जागा सर्वांत उत्तम. तिचें मोल देणें कधीं पडतच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, खेळाकडून इतकी वास्तवता मागणें गैर आहे. आम्ही वास्तवता मागत नाहीं. झाडाचें खोड मधून तोडलें तरी शेंडा अधांतरीं तसाच राहतो. वाळू, खडी आणि अशाच दोनचार वस्तु सोडल्या तर तेथें कांहींही खालीं पडत नाहीं. वास्तवतेचा आग्रह धरणाऱ्यानें प्रथम यासच हंसावें. परंतु ही सूट आम्हांस मान्य आहे, किंबहुना ती रचनाकाराची मोठी चतुराई आहे. प्रत्येक तुळई कोसळूं लागली तर आठ वर्षांचें मूल पूल बांधण्याचें नांव काढणार नाहीं. गुरुत्वाकर्षण काढून त्यानें धैर्य दिलें. नासणें, सडणें आणि ऋतु काढून काय दिलें? केवळ आराम दिला. पहिल्या दहा रात्रींनंतर भिंती उभ्या आहेत, पेट्या भरल्या आहेत, आणि बिछान्यावर पडलें कीं रात्रही टळते. तगून राहण्याचा खेळ त्या क्षणीं संपतो आणि साठविण्याचा सुरू होतो.

खेळणाऱ्यांस हें व्यंग समीक्षकांच्या पुष्कळ आधीं कळलें, आणि त्यांनीं त्यावर जो उपाय काढला तो आपल्यास ओळखीचा आहे. त्यांनीं व्रतें धरलीं. चातुर्मासांत आजी कांदावांगें सोडते तें कांदावांगें वाईट म्हणून नव्हे. रोजच्या ताटास एक कड यावी म्हणून. त्याच बुद्धीनें कोणी सपाट जगांत खेळतो, कोणी जखम आपोआप भरूं न देण्याचा नियम पाळतो, कोणी एकच जीव घेऊन उतरतो. या व्रतांपैकीं २०११ साली निघालेलें ‘स्कायब्लॉक’ आमच्या मतें सर्वांत कल्पक. अवकाशांत लोंबकळणारा मातीचा तुकडा, त्यावर एक झाड, आणि पेटींत तप्त लाव्हा व बर्फ. खालीं अथांग पोकळी. बर्फाचें पाणी करून तें लाव्ह्यास भेटविलें कीं धोंडा निपजतो, आणि त्या धोंड्यांवर पुढील साऱ्या संसाराची उभारणी. येथें लाव्हा एकदां सांडला तर डाव गेला. मूठभर माती खालीं पडली तर तितकी शेती गेली. वस्तूचें मोल वस्तूच्या अभावानें कसें वाढतें, हें मूळ खेळ पहिल्या रात्रीं शिकवितो आणि विसरतो. स्कायब्लॉक पहिला तासभर तरी तें विसरूं देत नाहीं. पुढें मात्र तेंही धोंडे फोडण्याची वेठ होऊन बसतें.

एकजीवी व्रताविषयीं आमचें मत दुभंगलेलें आहे. ‘फिल्झा’ या नांवानें खेळणाऱ्या इंग्रज खेळाडूनें असें एक जग पांच वर्षें जगविलें आणि २०१९ सालीं एका बालप्रेताच्या हातून तो मेला. पाहणाऱ्यांस त्या मृत्यूनें जो धक्का दिला तो खरा होता. पांच वर्षांच्या सावधगिरीचा शेवट एवढ्याशा शत्रूनें व्हावा यांत शोकांतिकेची छाया आहे. तथापि हें व्रत घेणारे बहुतेक जण हळूहळू भित्रे होतात, चिलखतांवर चिलखतें चढवितात आणि नवी दरी पाहण्याचें टाळतात. मरणाची किंमत वाढविली, परंतु जगण्यांत अडचण कांहींच घातली नाहीं, तर माणूस शूर न होतां कंजूष होतो. ‘शंभर दिवस’ तगून दाखविण्याचे जे चित्रपट हल्लीं मुलें पाहतात त्यांबद्दल तर न बोललेलें बरें; त्यांत कंटाळ्याचे सर्व दिवस कापून टाकलेले असतात, आणि तगणें म्हणजे मुख्यतः कंटाळ्याचे दिवस.

निर्मात्यांसही उणीव जाणवली असावी. २०१८ सालीं त्यांनीं तीन दिवस न झोंपणाऱ्यावर उडतीं भुतें सोडलीं. तो उपाय आम्हांस हेडमास्तरी वाटतो. २०२२ सालचा ‘वॉर्डन’ मात्र खरा कलावंताचा हात दाखवितो. हा पाताळांतला राक्षस आंधळा आहे. तो पाउलांचा, पेटी उघडल्याचा आवाज ऐकून येतो. हत्यारानें न भागतां वागणूक बदलावी लागते, असा प्रसंग त्या खेळांत फार दिवसांनीं आला.

परंतु वर्ष अद्यापि आलेलें नाहीं. तोंपर्यंत आमच्या भागांतील मुलांनीं एक व्रत करून पाहावें अशी आमची सूचना आहे. तीन दिवसांचा महिना धरावा. छत्तीस दिवसांचें वर्ष होतें, म्हणजे बारा तासांचा खेळ. त्यांतील आठ तास मोकळे. शेवटचे बारा दिवस, म्हणजे चार तास, पावसाळा: छपराबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, आंत जें भरलें असेल तेंच खावयाचें, बिछाना वापरावयाचा नाहीं, आणि पाण्याच्या पातळीपासून तीन तुकड्यांच्या आंत ठेविलेली प्रत्येक पेटी आरंभींच रिकामी करून टाकावयाची. वर्षांतील पाव वर्षाअखेर उरले तर तेही टाकून द्यावयाचे. हे नियम पाळले तर घर कोठें बांधावें, माळा किती उंच असावा, विहीर आंत घ्यावी कीं बाहेर, हे प्रश्न पहिल्याच दिवशीं उभे राहतील. आणि भुईखालून खोदत जाणें छपराखालचें मानावयाचें कीं बाहेरचें, यावर मुलांमुलांत जें भांडण होईल तें आम्हांस ऐकावयाचें आहे.