चौकावर छप्पर घालण्याआधी

जुन्या वास्तूत नवं काम सुरू करणं जालन्याला नवं नाही. १७२५ सालच्या मस्तगडात नगरपालिकेचं कार्यालय थाटलं गेलं, हे आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे वापर बदलूच नका, असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप चौक झाकण्याला आहे. जुन्या महाविद्यालयात, विद्यापीठात जागा कमी पडली की पहिली नजर चौकावर जाते. ‘नुसताच मोकळा पडलाय की!’

तो मोकळा का ठेवला, हे बीदरला जाऊन बघा. १९५६ पर्यंत बीदर आणि जालना एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथे १४७२ मध्ये महमूद गवानने मदरसा उभारला. त्या काळचं विद्यापीठच म्हणा ना. मधे चौक आणि भोवती तीन मजली इमारत. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात बराच भाग पडला, तरी जे उरलंय त्यावरून कळतं की आतल्या खोल्यांचा उजेड आणि वारा चौकावरच अवलंबून आहे.

काचेच्या छपराची बाजू मांडताना लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं उदाहरण हमखास येतं. नॉर्मन फॉस्टर यांनी तिथला चौक काचेने झाकला आणि २००० साली तो लोकांसाठी उघडला. काम देखणं आहे, वाद नाही. पण त्या चौकात दीडशे वर्षं पुस्तकांची कोठारं होती. ती आधी हलवली, चौक मोकळा केला, तेव्हा माणसांना आत जागा झाली. आपण नक्कल करतो ती फक्त काचेची. लंडनच्या थंडीत काच ऊब धरते. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. इथे तीच काच भट्टी पेटवेल. मग एसी, मग त्याचं बिल.

मी शिकलो त्या कॉलेजात चौकावर पत्रे टाकले होते. पाऊस सुरू झाला की सर बोलायचे थांबायचे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आधी चौकातल्या मोटारसायकली, मोडकी बाकं, रद्दीची कपाटं हलवा. सावली हवी तर कापडाची करा, पावसाळ्यापूर्वी उतरवता येईल अशी. सकाळ-संध्याकाळ तिथे वर्ग भरवा, व्याख्यानं ठेवा. वर्षभर असं वापरून बघा आणि त्यानंतरच आराखड्याला हात घाला. एकदा पक्कं छप्पर बसलं की ते काढायला पुढे कुणी पैसे देत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या.