हरिश्चंद्राची दोन रिळे

‘भारतातील पहिला चित्रपट’ म्हणून वर्गात अनेकदा एक तुकडा दाखवला जातो. राजा हरिश्चंद्र रोहिताश्वाला धनुर्विद्या शिकवत असतो, माणसे तुरुतुरु चालतात, मुले खदखदून हसतात आणि तास संपतो. तुकडा खरा आहे, पण दाखवण्याची रीत चुकते.

आधी वेगाचे पाहू. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपत. तीच फीत बोलपटाच्या यंत्रावर सेकंदाला २४ चित्रांनी धावली, की चाल दीडपट होते. ३५ मिलिमीटरच्या फितीत फुटाला १६ चित्रे मावतात. मूळ चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगतात. म्हणजे एका वेगाने सुमारे ६२ मिनिटे, दुसऱ्याने ४१. हे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्यावे. आपण फाळक्यांच्या नटांना हसलो की आपल्या यंत्राला, हे त्यांना आपोआप कळेल.

तारखेचा प्रश्न अधिक अवघड आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले (२०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे). पी. के. नायर यांनी तेथे फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष चिकाटीने गोळा केले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे तेथे आहे. पण ही रिळे ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागलेल्या चित्रपटाची, की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची? काही अभ्यासक दुसरी शक्यता खरी मानतात. पुरावा तपासायचा म्हणजे काय, हे शिकवायला इतके चांगले उदाहरण हाताशी असताना आपण मात्र ‘१९१३’ असे फळ्यावर लिहून मोकळे होतो!

विज्ञानशिक्षकाला खरी हळहळ वाटावी ती वेगळ्याच फितीबद्दल. १९१२ साली फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून एक लघुपट केला आणि तो दाखवून भांडवलदाराचे मन वळवले. तो आज उपलब्ध नाही. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती जुनी होताना नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, दमट हवेत त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल फितीचा नाश आणखी वेगाने करते. शिवाय ती भडकन पेटते. २००३ साली पुण्यात साठवणीतल्या अशाच फितींना आग लागली.

फाळक्यांच्या ‘चित्रपट कसे तयार करतात’चा काही भाग मात्र उरला आहे. त्यात दिग्दर्शन करणारे, फीत तपासणारे फाळके स्वतः दिसतात. मला तास मिळाला, तर मी आधी तो दाखवीन आणि हरिश्चंद्र नंतर, १६ च्या वेगाने.